लॅपटॉपसह की लॅपटॉपविना? संगीत रचण्याचं यंत्र निवडताना

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत आज गावोगावी अशी मुलं-मुली आहेत, जी देवळाच्या कालोत्सवातल्या नाटकाला पार्श्वसंगीत देतात, चवथीच्या आरत्या घरच्या घरी मुद्रित करतात आणि हंगामात किनाऱ्यावर एखादा सेटही वाजवतात. हातात चार पैसे जमले की त्यांचं घोडं एकाच प्रश्नावर अडतं. स्वतःच्या बळावर चालणारं यंत्र घ्यावं, की लॅपटॉपला जोडून चालणारं? मग व्हिडिओ बघणं सुरू होतं, पॅडं (बोटांनी वाजवायच्या रबरी चौकटी) किती, पडदा केवढा याची तुलना होते आणि गोंधळ आणखी वाढतो.

माझं मत साधं आहे. तुमचा आवाज शेवटी कुठून बाहेर पडणार, हे आधी ठरवा. समोर माणसं बसलेली असताना स्पीकरमधून बाहेर पडणार असेल तर एक निवड, आणि फाइल होऊन कुणाच्या फोनवर जाणार असेल तर दुसरी. वैशिष्ट्यांची यादी त्यानंतर बघायची.

पहिली पायरी: नावांवर जाऊ नका

बाजारात तीन जाती आहेत. पहिली म्हणजे निव्वळ कंट्रोलर. अकाईचा एमपीके मिनी, नोव्हेशनचा लाँचपॅड, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं मशीन एमके३, अकाईचाच एमपीसी स्टुडिओ, हे सगळे या जातीतले. संगणक बंद तर हेही गप्प. आवाज तयार होतो तो लॅपटॉपमध्ये. पॅडं-बटणं फक्त त्याला हुकूम देतात.

दुसरी जात पूर्ण स्वतंत्र: रोलंडचं एसपी-४०४ एमके२, एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट, नोव्हेशनचं सर्किट ट्रॅक्स. लॅपटॉपला जोडता येतात, पण त्याच्यावाचून त्यांचं काही अडत नाही. ही परंपरा जुनी आहे. रॉजर लिन यांनी अकाईसाठी घडवलेला एमपीसी६० आला तो १९८८ साली, आणि सोळा पॅडांची चौकट तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

तिसरी जात दोन्ही दरडींवर पाय ठेवणारी. एमपीसी वन, एमपीसी लाइव्ह, मशीन प्लस आणि प्रोसेसर बसवलेला एबलटन पुश ३. एकटेही चालतात, आणि लॅपटॉपला जोडले की कंट्रोलर होतात.

खरेदीत फसगत होते ती इथे. ‘मशीन’ आणि ‘मशीन प्लस’ फोटोत जवळजवळ सारखे दिसतात. पहिलं संगणकावाचून चालत नाही, दुसरं चालतं. पुश ३ तर २०२३ साली आला तोच दोन रूपांत, एक प्रोसेसरसह आणि एक प्रोसेसरविना. बाहेरून दोन्ही सारखे. जुन्या बाजारात किंमत फारच उतरलेली दिसली तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा: लॅपटॉप न जोडता हे चालू करून दाखवता का?

दुसरी पायरी: वर्षभराचं काम कागदावर मांडा

वहीचं एक पान घ्या आणि येत्या वर्षात कुठे कुठे वाजवणार, काय मुद्रित करणार ते लिहून काढा. जत्रेचं नाटक, कला अकादमीची नाट्यस्पर्धा, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, शाळेचं स्नेहसंमेलन, हणजुण्याच्या किनाऱ्यावरचा एखादा सेट. प्रत्येकासमोर एकच गोष्ट नोंदवा: शेवटी स्पीकर की फाइल.

यादीत फायलीच जास्त असतील, म्हणजे भावगीतं रचणं, गायकाचा आवाज घेणं, चार वाद्यांचं मिश्रण करणं, तर लॅपटॉपला पर्याय नाही. गायकाने तिसऱ्या अंतऱ्यात श्वास चुकवला तर तो मोठ्या पडद्यावर शोधून नीट करणं आणि सात इंची पडद्यावर करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या आवडीची प्लगइन्स, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं, हीही लॅपटॉपवरच चालतात. स्वतंत्र यंत्रात तुम्ही बाहेरून घेतलेलं हवं ते प्लगइन टाकता येत नाही, त्या यंत्रासाठी बनवलेलीच चालतात. पुश ३ एकटा चालताना त्याच्यावर एबलटनच्या ‘लाइव्ह’ या सॉफ्टवेअरची स्वतःची वाद्यं आणि त्याच्याच मॅक्स फॉर लाइव्हची उपकरणं चालतात, व्हीएसटी जातीची बाहेरची प्लगइन्स नाहीत. आवडता तानपुरा किंवा ऑर्केस्ट्राचा संच लॅपटॉपवर असेल तर त्याचा आवाज आधी मुद्रित करून सॅम्पल, म्हणजे आवाजाचा तयार तुकडा, म्हणून न्यावा लागतो.

यादीत प्रयोग जास्त असतील तर पुढचा भाग सावकाश वाचा.

तिसरी पायरी: नाटकाचं काम यंत्राकडे काय मागतं

आपल्याकडच्या नाटकाला सलग ट्रॅक चालत नाही. नट थांबतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, एखादं वाक्य गाळलं जातं. पेडण्याच्या दशावतारात तर संवादच ऐनवेळी सुचलेले असतात. पेटीवाला नटाच्या तोंडाकडे बघून वाजवतो आणि ध्वनीवाल्यालाही तेच करावं लागतं. त्यामुळे इथे टाइमलाइन निरुपयोगी आणि पॅड राजा.

स्वतंत्र सॅम्पलरवर, म्हणजे मुद्रित तुकडे पॅडांवर वाजवणाऱ्या यंत्रावर, नाटक कसं मांडायचं ते सविस्तर सांगतो, कारण यंत्र घेण्याआधी हे जमतं का हे बघायलाच हवं.

एका प्रवेशाला एक बँक, म्हणजे पॅडांचा एक संच, द्या. एमपीसीत १६ पॅडांच्या ८ बँका मिळतात, म्हणजे १२८ आवाज. एसपी-४०४ एमके२मध्ये एका प्रोजेक्टला १० बँका, म्हणजे १६०. तीन अंकी नाटकाला दोन्ही पुरतात. खालची डावी चार पॅडं सगळ्या बँकांत सारखीच ठेवा: वातावरणाचा आवाज, पाऊस, दाराची थाप आणि एक रिकामं पॅड. बोट अंधारातही चुकत नाही.

दाराची थाप, वीज, बंदूक यांना ‘वन शॉट’ द्या. पॅड टेकलं की आवाज शेवटपर्यंत वाजतो, बोट उचललं तरी. करुण सूर किंवा तंबोऱ्यासारखा लांबणारा आवाज लूपमध्ये ठेवा आणि त्याला हळू विरत जाणारा रिलीज द्या. नटाचं वाक्य संपेपर्यंत सूर धरता येतो आणि सोडल्यावर झटका बसत नाही. एकाच प्रवेशातले दोन भाव एकमेकांवर चढू नयेत म्हणून त्यांना एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका. दुसरं पॅड दाबताच पहिलं आपसूक थांबतं.

आता आउटपुट बघा. एमपीसी वनला मुख्य आवाजाची एकच जोडी आहे. एमपीसी लाइव्हला सहा आउटपुट आहेत. तबलजीच्या कानात क्लिक (लयीची टिकटिक) आणि प्रेक्षकांना फक्त संगीत असं हवं असेल तर एक जोडी पुरत नाही. एमपीसीच्या यूएसबीला क्लास-कम्प्लायंट (वेगळा ड्रायव्हर न लागणारा) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज आत-बाहेर नेणारी पेटी, जोडून आउटपुट वाढवता येतात, पण तो खर्च आधीच हिशेबात धरा.

हे सगळं लॅपटॉपवरही होतं, आणि फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरासारख्या सभागृहात, जिथे नीट टेबल आणि भरवशाची वीज मिळते, तिथे उत्तम होतं. देवळापुढच्या मांडवात, प्लास्टिकच्या खुर्चीवर यंत्र मांडीत घेऊन बसायचं असेल तर मी स्वतंत्र यंत्रच घेईन.

चौथी पायरी: ताल आणि सूर

या यंत्रांच्या परीक्षणांत ही गोष्ट सहसा येत नाही, कारण ती चार मात्रांच्या संगीतासाठी लिहिलेली असतात. आपल्याला रूपक लागतो, झपताल लागतो.

स्टेप सिक्वेन्सरवर, म्हणजे ताल घराघरांत मांडून वाजवणाऱ्या सोयीवर, एका मात्रेला चार स्टेप धरल्या तर रूपकाला २८, झपतालाला ४०, दीपचंदीला ५६ आणि तीनतालाला ६४ स्टेप लागतात. डिजिटॅक्टवर ६४ स्टेपांपर्यंत हवी ती लांबी देता येते, म्हणजे हे चारही ताल एका पॅटर्नमध्ये बसतात. सर्किट ट्रॅक्सचा पॅटर्न ३२ स्टेपांचा. त्यात रूपक बसेल, झपतालासाठी २०-२० स्टेपांचे दोन पॅटर्न जोडावे लागतील. एमपीसी आणि एबलटनमध्ये मात्रांचं माप हवं तसं ठरवता येतं. दुकानात गेलात तर केरवा वाजवून खूश होऊ नका. रूपक बसवून दाखवायला सांगा, आणि सम नेमकी पहिल्या पॅडच्या दिव्यावर येते का बघा.

सुराचंही तसंच. मंडळाची जुनी पेटी ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. काळी एकचा सा ट्यूनर ॲपवर तपासा. समजा १५ सेंट चढा आला, तर सॅम्पलचा फाइन ट्यून तेवढाच चढवा. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा १५ सेंटचा फरक गायकाला नक्की बोचतो. सॅम्पलरवर हे सहज होतं, पण यंत्रात सिंथचे तयार आवाज वापरणार असाल तर त्यांनाही तसं ट्यूनिंग देता येतं का ते विचारा. वेगळ्या श्रुतींवर काम करायचं असेल तर लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह १२ घ्या. २०२४ साली आलेल्या त्या आवृत्तीत निरनिराळ्या स्वरपद्धतींची सोय आहे.

पाचवी पायरी: घुमटाचा एक ठोका मुद्रित करून बघा

घुमटाला गोवा सरकारने २०१९ साली वारसा वाद्याचा दर्जा दिला. माझ्या मते कुठलंही सॅम्पलिंगचं यंत्र पारखायला त्याच्याहून चांगलं वाद्य नाही, कारण त्याचा आवाज दोन तोंडांतून येतो. मोठ्या तोंडावर चामडं, आणि मागच्या छोट्या तोंडावर वादकाचा डावा तळवा. तळवा उघडला की घुमारा खोल जातो, मिटला की कोंडतो. पूर्वी घोरपडीचं चामडं असे, पण तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्याने आता बकऱ्याचं लावतात, आणि दोन घुमटांचे आवाज कधी सारखे नसतात. तयार सॅम्पल शोधत बसण्यापेक्षा आपल्या आरतीच्या घुमटाचेच ठोके घ्या.

एक माइक चामड्यापासून हातभर अंतरावर ठेवा, दुसरा मागच्या तोंडाच्या बाजूला, थोडा तिरपा, म्हणजे हवेचा झोत थेट माइकवर आदळणार नाही. दोन्ही एकत्र ऐका. खर्ज पातळ झाला असेल तर एका माइकची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटी करून बघा. बऱ्याचदा खर्ज लगेच भरून येतो. तळवा उघडा, अर्धा, मिटलेला असे तिन्ही प्रकार, आणि प्रत्येक प्रकार हलका ते जोरकस असा चार ताकदींत वाजवून घ्या. ताकदीचे थर एकाच पॅडवर एकावर एक लावा. उघडा आणि मिटलेला ठोका एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवला की तळवा मिटल्यावर घुमारा जसा तुटतो तसाच पॅडवरही तुटतो. घुमटाच्या साथीच्या शामेळाला (ढोल) आणि कासाळ्यांना (झांजा) वेगळी पॅडं द्या.

हे करताना दोन गोष्टी कळतात. एक, या जातीच्या बहुतेक यंत्रांत कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर नसते. एमपीसी वन तर फक्त लाइन पातळीचा आवाज घेतो. म्हणजे मिक्सर किंवा दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस लागणारच. दोन, स्मृतीचा हिशेब. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ मुद्रणाच्या एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. पहिल्या डिजिटॅक्टमध्ये एका प्रोजेक्टला ६४ एमबी, तेही ४८ किलोहर्ट्झवर मोनो, म्हणजे सुमारे अकरा मिनिटं. ठोक्यांना भरपूर, पण अख्ख्या गाण्यांचे ट्रॅक ठेवायला अगदीच अपुरं. एमपीसी वनची रॅम २ जीबी आहे, आणि त्यातली काही यंत्र स्वतःच वापरतं. लॅपटॉपला ही चिंता नाही. तो आवाज थेट डिस्कवरून वाचतो.

सहावी पायरी: लॅपटॉपचा मार्ग धरलात तर

तक्रार नेहमी एकच असते: पॅड मारल्यावर आवाज उशिरा येतो. हा विलंब बफरवर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा घास घेतो त्यावर, ठरतो. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३ मिलिसेकंद. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो, तेव्हा सहा-सात मिलिसेकंद कुणाला खटकत नाहीत. तेवीस मात्र तबलजीला हमखास खटकतात. प्रत्यक्षात इंटरफेसचा आणि यूएसबीचा थोडा वेळ त्यात मिळतो, म्हणून वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा आणि मिश्रण करताना १०२४ वर न्या. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच असिओ ड्रायव्हर टाका. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून प्रयोग वाजवायचा विचारही करू नका.

प्रयोगाच्या दिवशी वाय-फाय बंद, अपडेट थांबवलेले, पॉवर सेटिंग पूर्ण ताकदीवर. ज्या प्लगइनना परवान्यासाठी इंटरनेट लागतं ती आधी मुद्रित करून ठेवा. डोंगरकुशीतल्या देवळापाशी नेटवर्क मिळेलच असं नाही. आणि प्रयोगाच्या आठवड्यात यंत्राचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) किंवा लॅपटॉपची प्रणाली बदलू नका, कितीही नवीन सोय आली असली तरी.

सातवी पायरी: वीज, गुणगुण आणि पावसाळा

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, आणि यूएसबीवरच चालणारा इंटरफेसही. एमपीसी वनला बॅटरी नाही; वीज गेली की न जतन केलेलं काम गेलं, आणि परत सुरू केल्यावर सगळे आवाज पुन्हा रॅममध्ये चढेपर्यंत नट रंगमंचावर उभा. एमपीसी लाइव्ह २ला बॅटरी आहे. एसपी-४०४ एमके२ सहा पेन्सिल (एए) सेलवर चालतं आणि काही सेकंदांत तयार होतं. बॅटरीविनाचं यंत्र घेतलंत तर त्याच्यासाठी छोटा यूपीएस त्याच दिवशी घ्या.

मांडवात जनरेटरवर लॅपटॉप चार्जिंगला लावून तोच मिक्सरला जोडला की गुणगुण ऐकू येते. चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे. ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंगची जोड तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये टाका आणि तिथून पुढे बॅलन्स्ड केबल वापरा. चार्जरची अर्थिंगची पिन तोडणारे लोक आहेत. तसं मुळीच करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे यंत्रांचा खरा वैरी. दमटपणाने फेडर खरखरतात, नॉबवर उड्या पडतात, रबराचा मुलामा चिकट होतो. किनाऱ्यालगतच्या घरात खारी हवा त्यात भर घालते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून यंत्र ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला, आणि दर आठवड्याला यंत्र तासभर चालू ठेवून सगळी बटणं, नॉब फिरवा. हलते भाग जास्त तितकी ही देखभाल जास्त, हेही निवडताना ध्यानात असू द्या.

आठवी पायरी: पैशांचा हिशेब

यंत्राच्या किमतीवर निर्णय करू नका, पूर्ण जोडणीची किंमत मांडा. लॅपटॉपच्या बाजूला: लॅपटॉप, इंटरफेस, कंट्रोलर, सॉफ्टवेअर, हेडफोन. स्वतंत्र यंत्राच्या बाजूला: यंत्र, मेमरी कार्ड दोन, यूपीएस, माइकसाठी मिक्सर किंवा इंटरफेस, आणि शेवटी फाइल नीटनेटकी करायला कुणाचा तरी लॅपटॉप. शेवटचा मुद्दा विसरला जातो. एमपीसीवरून प्रत्येक ट्रॅक वेगळा काढून पेन ड्राइव्हवर देता येतो. मित्राच्या लॅपटॉपवर मिश्रण झालं तरी चालतं.

घरात आधीच बऱ्यापैकी लॅपटॉप असेल आणि यादी मिश्र असेल, तर माझा सल्ला असा: आधी दोन माइकचा चांगला इंटरफेस आणि छोटा कंट्रोलर घ्या, तयारी त्यावर करा, आणि रंगमंचासाठी लहान स्वतंत्र सॅम्पलर नंतर जोडा. तयार आवाज कार्डवरून सॅम्पलरमध्ये जातात, तेव्हा आधीची मेहनत फुकट जात नाही. पुश ३ मनात भरला असेल तर प्रोसेसरविनाचा घेऊन पुढे अपग्रेड किट बसवायचा मार्ग एबलटनने ठेवला आहे. सगळ्यात महाग, दोन्हीकडे चालणारं यंत्र पहिल्याच फेरीत घ्यावं असं मला फक्त त्यांच्या बाबतीत वाटतं, ज्यांना दोन्ही प्रकारची कामं आत्ताच मिळत आहेत.

नववी पायरी: पैसे देण्याआधी

पणजी, मडगाव, म्हापशात ही यंत्रं हाताळायला मिळतील याची खात्री नाही, म्हणून ओळखीच्या वादकाकडे एक संध्याकाळ मागा आणि तुमच्याच नाटकाचा एक प्रवेश त्याच्या यंत्रावर मांडून बघा. जुनं यंत्र घेत असाल तर सोळाही पॅडं हलकी आणि जोरात मारून आवाज त्या प्रमाणात बदलतो का बघा, प्रत्येक नॉब हळू फिरवून आकडा उड्या मारतो का पाहा, जॅकमध्ये पिन घालून हलवा आणि खरखर ऐका. मिडीची (यंत्रं एकमेकांना हुकूम देतात त्या तारेची) जोडणी छोट्या ३.५ मिमी पिनेची असेल तर टाइप ए की टाइप बी ते विचारून घ्या. चुकीच्या केबलने काहीच वाजत नाही आणि दोष यंत्रावर जातो. सोबत सॉफ्टवेअर असेल तर जुन्या मालकाकडून त्याच्या खात्यावरची नोंद तुमच्यासमोरच तुमच्या नावावर करून घ्या. मग वीज काढा, पुन्हा लावा, आणि तुमचा प्रवेश परत वाजायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. तेवढा वेळ तुमचा नट थांबू शकत असेल तर पैसे द्यायला हरकत नाही.